गुढी उतरली, आता पुढे?

दिवाळी अंकात पाडव्याविषयी लेख म्हटल्यावर तुम्हाला तबक, निरांजन आणि ओवाळणीच्या आकड्यावरून घराघरांत रंगणारी लटकी भांडणे आठवतील. पण मला आज लिहायचे आहे ते दुसऱ्या पाडव्याविषयी, चैत्रातल्या. त्याला निमित्तही घडले. परवा साफसफाईसाठी माळा उघडला. काढायचा होता आकाशकंदील, पण हाताला आधी लागली ती चैत्रगौरीची पत्र्याची पेटी. ती खाली घेतली, उघडली, आणि कंदील राहिला बाजूलाच. फरशीवर फतकल मारून मी तासभर त्या पेटीपुढे बसले. का, ते ओघाने येईलच.

तर चैत्रातला पाडवा. वेळूची काठी, तिला जरीचे वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांचा हार, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्या. दिवसभर ही गुढी गॅलरीत मिरवते आणि सूर्यास्ताच्या सुमारास हळदकुंकू वाहून, साखरेचा नैवेद्य दाखवून आपण तिला उतरवतो. इथवर सगळ्यांना पाठ असते. उतरवल्यावर घराचे काय करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझ्या लग्नानंतरचा पहिला पाडवा मला चांगला आठवतो. मी नोकरी करणारी सून. दुसऱ्या दिवशी ऑफिस. तेव्हा रात्री नऊच्या आत मी हार, पाने, तोरण सगळे एका पिशवीत भरले, रांगोळी पुसली, वस्त्राची घडी करून ते कपाटात कोंबले आणि घर कसे आरशासारखे लख्ख करून, शाबासकीची वाट पाहत झोपले. सकाळी सासूबाई चहाचा कप हातात घेऊन दिवाणखान्याच्या दारात उभ्या होत्या.

"अगं, घर कसं ओकंबोकं दिसतंय! वसंत कालच आला ना? आल्या दिवशीच त्याला घालवून दिलास?"

मी वरमले. मनातून थोडी रागावलेही. पण त्यांचे म्हणणे पंचांगाला धरूनच होते. चैत्र आणि वैशाख हे दोन महिने वसंताचे. पाडवा हा त्याचा नुसता पहिला दिवस. सासूबाईंचे सूत्र सोपे होते: सण एका दिवसाचा, ऋतू दोन महिन्यांचा. जे सणाचे आहे ते काढावे, जे ऋतूचे आहे ते राहू द्यावे, आणि काढलेल्यातलेही काही वाया जाऊ देऊ नये.

कशाचे काय करावे

त्या दिवशी त्यांनी माझी पिशवी रिकामी केली आणि एकेक वस्तू हातात घेऊन मला शिकवणी दिली. ती तुमच्याही उपयोगाची आहे म्हणून देते.

गुढीचे वस्त्र दिवसभर उन्हात तापलेले असते. ते लगेच घडी करू नये. रात्रभर घरातल्या सावलीत पसरून ठेवावे, हाराचा डाग किंवा गाठीचा चिकटपणा कुठे लागला आहे का ते पाहावे आणि मग जुन्या मलमलीत गुंडाळावे. जरीची घडी अधूनमधून बदलावी, नाहीतर कापड त्याच घडीवर विरते.

कडुनिंबाचा डहाळा टाकू नये. पाने सावलीत वाळवून, पातळ कापडाच्या पुरचुंड्या बांधून कपड्यांच्या कपाटात आणि धान्याच्या डब्यांत ठेवाव्यात. कीड दूर राहते. गाठी मुंग्यांच्या दृष्टीस पडण्यापूर्वी बरणीत जावी. मुलांनी खाऊन उरली, तर कैरीच्या पन्ह्यात ती छान विरघळते. तांब्या चिंच-मिठाने घासावा आणि उपडा होता तो आता सुलटा करून, पाणी घालून त्यात कडुनिंबाची मोहरलेली फांदी ठेवावी. चैत्रात कडुनिंब फुललेला असतोच, आणि त्या बारीक पांढऱ्या फुलांचा मंद वास खोलीभर राहतो. आमच्याकडे काठीलाही सुटी नसते. गॅलरीत वाळ्याचा पडदा टांगायला ती उभीची आडवी होते.

आंब्याच्या पानांचे तोरण दोन-तीन दिवसांत सुकते. सुकले की उतरवावे आणि ताजे बांधावे. वाळकी पाने दसऱ्यापर्यंत दारावर फडफडत ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, ती काही शोभेची नव्हे. जाड पडदे, जरीच्या उशा बांधून ठेवाव्यात आणि फिक्या रंगाची सुती कापडे बाहेर काढावीत. कोपऱ्यात माठ आला, त्याच्या गळ्यात मोगऱ्याचा एक गजरा पडला, टेबलावर वाडग्यात चार कैऱ्या आल्या की घराला आपोआप कळते, ऋतू बदलला. यात खर्च किती, ते तुम्हीच मोजा.

महिनाभराची पाहुणी

गुढीची जागा रिकामी राहत नाही, कारण तिसऱ्याच दिवशी, चैत्र शुद्ध तृतीयेला, चैत्रगौर येते. ती सगळ्यांकडे नसते. पण ज्यांच्याकडे असते, त्यांच्या घरी ती चांगली अक्षय्य तृतीयेपर्यंत मुक्काम करते. २०२५ साली पाडवा ३० मार्चला होता आणि अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला. म्हणजे बरोबर एक महिना. देव्हाऱ्यातली पितळेची छोटी अन्नपूर्णा घासूनपुसून लहानशा झोपाळ्यावर बसते. माहेरी आलेल्या लेकीचे लाड ते हेच.

तिच्यापुढे चैत्रांगण काढायचे. आम्हाला अंगण नाही, म्हणून एका पाटाला गेरू लावून त्यावर रांगोळी काढतो. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, कमळ, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, मोर, फणी, आरसा, करंडा, झोपाळ्यातली गौर, अशी पन्नासाच्या आसपास चिन्हे सासूबाई नुसत्या बोटांच्या चिमटीने काढतात. मला अजून मोर नीट जमत नाही. माझा मोर कोंबडीवर जातो.

मग महिन्यातला सोयीचा दिवस पाहून हळदीकुंकू. त्यासाठी आरास. डबे, पाट, स्टुले एकावर एक रचून पायऱ्या करायच्या, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीच्या टोकांना टाचण्या. पाच दिवस आधी ओल्या कापसावर हळीव पेरून ठेवले की हिरवेगार डोंगर तयार होतात. कलिंगडाला कातरे देत त्याचे कमळ करायचे. मुलांची खेळणी, कुंड्या, करंज्या-लाडू, हंगामातली फळे पायऱ्यांवर मांडायची. येणाऱ्या बायकांना हरभऱ्याची भिजवलेली डाळ भरड वाटून, त्यात कैरी किसून, वर हिंग-मोहरीची फोडणी दिलेली आंब्याची डाळ, वेलची घातलेले पन्हे, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. पाडवा मार्चमध्ये लवकर आला तर हळदीकुंकवाची घाई करू नये. कैरी आणि मोगरा दोन्ही पुढे मुबलक मिळतात.

ही सगळी आरास आमच्याकडे सासूबाई करतात. आम्ही बाकीचे हरकामे. "ती टाचणी दे", "ते स्टूल सरकव", एवढीच आमची लायकी.

पेटीतले पाकीट

आरास झाली की आमचे 'हे' एक फोटो काढतात आणि त्याची प्रत करून पेटीतल्या पाकिटात ठेवतात. हेतू असा, की पुढच्या वर्षी तीच मांडणी पुन्हा होऊ नये. २०२५ च्या पाडव्याला गुढी उतरवल्यावर मी ती पेटी काढली आणि कधी नव्हे ते सगळे फोटो क्रमाने फरशीवर मांडले.

२०११ च्या फोटोपर्यंत आराशीच्या शेजारी सासूबाई आहेत. हिरव्या काठाची साडी, केसांत गजरा, चेहऱ्यावर 'बघा, जमलं की नाही' असा भाव. त्या वर्षी दिवाळीनंतर मामंजी गेले. पुढच्या चैत्रात आरास झालीच नाही. २०१३ पासून ती पुन्हा झाली, दर वर्षी अधिकच सुंदर. फोटो बारा. सासूबाई एकातही नाहीत.

मी आठवू लागले. चार वाजता पहिली घंटा वाजली की त्या कुठे असत? स्वयंपाकघरात. मला वाटे, डाळीकडे, पन्ह्याकडे पाहायला कुणीतरी हवेच. त्यांनी तसे सांगितले नव्हते आणि मी तसे विचारले नव्हते. सर्वांत बोचला तो २०२० चा फोटो. त्या वर्षी ऐन पाडव्याच्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. बाहेरचे माणूस येण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्या फोटोत त्या नाहीत.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी ऑफिसात चौघींना मोठ्याने वाचून दाखवली होती. "असं हवं!" असेही म्हणाले होते. आणि माझ्या घरात बारा वर्षे एक बाई आरास मांडून पडद्याआड जात होती, याची मला दाद नव्हती. गुढी उतरवताना काय काढावे नि काय ठेवावे हे ज्यांनी मला शिकवले, त्यांनी स्वतःला मात्र काढून ठेवले होते.

रात्री मी विषय काढला. त्या एकदम म्हणाल्या, "नको गं बाई. कुणी काही बोलायला नको. आणि खरं सांगू? आता मलाच कसंतरी वाटतं."

मी हट्ट केला नाही. इतकेच म्हटले, "आई, आरास कशी केली ते बायका दर वर्षी मला विचारतात आणि मी खोटं खोटं उत्तर देते. यंदा तुम्हीच सांगा." यावर त्या काही बोलल्या नाहीत. मात्र हळीव पेरताना दोन दिवसांनी आपणहून म्हणाल्या, "मी पन्हं द्यायला बसेन. तेवढंच."

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी हळदीकुंकू होते. आराशीच्या उजव्या हाताला खुर्ची ठेवली, पुढे पन्ह्याचा घडा. पहिल्या आलेल्या दोघी-तिघी क्षणभर थबकल्या. आमच्या इमारतीतल्या सर्वांत वडील आजी आल्या, त्यांचीच मला धास्ती होती. सोवळ्याओवळ्याच्या त्या कडक. त्यांनी गौरीला हळदकुंकू वाहिले, मागे वळून सासूबाईंकडे पाहिले आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्या हातची डाळ खातेय. तुम्ही दिसताय मात्र आज." आणि त्यांच्या हातून पेला घेऊन तिथेच शेजारी बसल्या. मग कलिंगडाचे कातरे कसे द्यायचे यावर दोघींचा अर्धा तास वाद झाला.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. एक बाई ओटी घेऊन जरा लगबगीनेच उठल्या. त्या पुढच्या वर्षी आल्या तर आनंद, नाही आल्या तर त्यांची मर्जी. कुंकवाची कुयरी मी सासूबाईंपुढे धरली, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले. मी ती मागे घेतली. गजरा मात्र घेतला. केसांत माळला नाही. मनगटाला गुंडाळला आणि पाहुण्या गेल्यावर भांडी आवरताना अधूनमधून हात नाकाशी नेत राहिल्या.

फोटोही काढला. माळ्यावरून काढलेल्या पेटीत परवा सर्वांत वर तोच होता. तेरावा. म्हणून कंदील तासभर बाजूला राहिला.

आता या दिवाळीचेही तसेच आहे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सगळे गुंडाळून टाकण्याची आपल्याला घाई असते. पण दीपदानाला अख्खा कार्तिक आहे. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्या. सुकलेली झेंडूची फुले कुंडीत जाऊ द्या. पणत्या पुसून, तेल टिपून, कागदात गुंडाळा. एखादी मात्र तुळशीपाशी रोज लागू द्या. आणि आवराआवर करता करता आपल्या घरातले एखादे माणूस आपण सणाच्या सामानाबरोबर माळ्यावर टाकलेले नाही ना, एवढे एकदा पाहा.

फोटो घेऊन मी सासूबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळला. माझे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पायऱ्या जरा डावीकडे घेऊ. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येतोय."