पैसे आज, घर उद्या

मागच्या खेपेला आपण वचनापाशी थांबलो होतो. माणूस दिलेला शब्द का पाळतो, हा प्रश्न. आज त्याच वचनाचा बाजार पाहू.

ह्यूमने दोन शेतकऱ्यांचं उदाहरण दिलं आहे. एकाचं पीक आज कापणीला आलं, दुसऱ्याचं उद्या येणार. आज मी तुझ्या शेतात राबलो तर उद्या तू माझ्याकडे येशीलच, याची खात्री काय? खात्री नाही म्हणून कुणीच कुणाकडे जात नाही आणि दोघांचंही पीक वाया जातं. बँक, विमा आणि घरबांधणी हे तिन्ही व्यवहार याच जागी अडतात. पैसे आज द्यायचे, मोबदला पुढे कधीतरी. वांगी हाताळून घेता येतात. विम्याची पॉलिसी कशी हाताळणार?

म्हणून तिथे शासन पहारेकरी बसवतं. बँकांवर रिझर्व्ह बँक, विम्यावर विमा नियामक प्राधिकरण, आणि आपल्या राज्यात घरबांधणीवर महारेरा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराची एका बँकेतली ५ लाखांपर्यंतची रक्कम, व्याज धरून, ठेव विम्यात सुरक्षित असते. विमा कंपनीला देण्यांपेक्षा जास्त मालमत्ता बाळगावी लागते. घर घेणाऱ्याच्या पैशाला मात्र असला विमा नाही. त्याच्यासाठी आहे ते फक्त एक वेगळं खातं.

हे खातं नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर व जमिनीवर खर्चायचे. काढायचे तेही काम पुढे सरकेल त्या प्रमाणात. इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिघांनी दाखला दिल्यावर. पूर्वी काय व्हायचं? इथल्या लोकांच्या पैशातून तिकडे नवी जमीन, तिथल्या पैशातून तिसरीकडे. साखळी चालू आहे तोवर सगळे खूश!

आता गंमत पाहा. पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि ज्यासाठी घेतले त्यालाच वापरा, हे काही २०१६ च्या कायद्याने पहिल्यांदा सांगितलं नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यात, ज्याला आपण मोफा म्हणतो, ते लिहिलेलंच होतं. पन्नासहून अधिक वर्षं नियम होता, पण ते खातं रोजच्या रोज पाहणारं कुणी नव्हतं. १ मे २०१७ पासून नोंदणी, तिमाही माहिती आणि तक्रार ऐकणारं एक ठिकाण आलं. बदल झाला तो इथे.

तरी पहाऱ्याला भोकं आहेत. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्तीच नाही. आणि दुसरं भोक याहून मोठं. ताबा वेळेवर मिळाला नाही तर ग्राहक सव्याज परतावा मागू शकतो, किंवा प्रकल्पात राहून दर महिन्याचं व्याज मागू शकतो. समजा, महारेराने तसा आदेश दिला. बिल्डर पैसे देत नाही. मग वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करायची; म्हणजे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे. ज्यांच्याकडे पीकपाहणीपासून निवडणुकीपर्यंत सगळं आहे, त्यांच्याच टेबलावर हीही फाईल. १९६३ साली नियम होता, पहारा नव्हता. आज पहारा आहे, पण पकडलेल्याकडून पैसे सोडवून आणणारा हात दुसऱ्या खात्याचा आहे. माझ्या मते वसुलीसाठी प्राधिकरणाचीच यंत्रणा हवी. निकाल हातात घेऊन भाड्याच्या घरात बसलेल्या माणसाला कलमांचं कौतुक कसं वाटावं?

एक चिठ्ठी आली आहे: ‘महारेरा नंबर आहे म्हणजे घर मिळणारच ना?’

नाही. नंबर म्हणजे बिल्डरने अमुक तारखेपर्यंत पुरं करीन असं शपथेवर लिहून दिलं आहे, आणि ते तुम्हाला वाचता येतं. तेव्हा वाचा. संकेतस्थळावर नंबर टाकला की मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले दावे, सगळं निघतं. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराआधी मागितली, तर देऊ नका. कायद्यानेच मनाई आहे. आणि पूर्णत्वाच्या तारखेला मुदतवाढ किती वेळा घेतली आहे, ते सगळ्यात आधी पाहा.