शाहजहानाबादचा रुपया आणि मराठी संग्राहक

२ एप्रिल १७९२ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने टांकसाळीचा कायदा केला आणि फिलाडेल्फियात त्या नव्या राष्ट्राची टांकसाळ उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथून तांब्याची सेंट नाणी चलनात आली. या सुरुवातीच्या नाण्यांवर जीव लावणारे संग्राहक अमेरिकेत आजही कमी नाहीत. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली १७९३ ते १८१४ या काळातल्या सेंटवर एक ग्रंथ लिहिला. कोणत्या वर्षी कोणते ठसे वापरले गेले, याचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला आणि नाण्याची अवस्था सांगण्यासाठी १ ते ७० अशी श्रेणी दिली. ती श्रेणी पुढे सेंटपुरती उरली नाही, नाण्यांच्या जागतिक बाजाराने ती उचलली. अवघ्या बावीस वर्षांचे एक नाणे निवडून माणसे आयुष्यभर त्याच्यामागे राहतात, ही यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट.

त्याच १७९२ साली दिल्लीत काय चालले होते? लाल किल्ल्याच्या सावलीतल्या शाहजहानाबाद टांकसाळीत चांदीचे रुपये पडत होते. त्यांवर नाव होते शहाआलम दुसरा याचे आणि राज्यवर्षाचा आकडा होता ३४. बादशहा आंधळा होता आणि दिल्लीचा दोर महादजी शिंद्यांच्या हाती होता. त्या वर्षी जूनमध्ये महादजी पुण्यात येऊन दाखल झाले. बादशहाने दिलेल्या वकील-इ-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी कारभारी) या पदाची वस्त्रे पेशव्यांना देण्याचा थाटाचा दरबारही तेव्हाच झाला. अमेरिकेची पहिली नाणी आणि मराठ्यांच्या आधिपत्याखालचा दिल्लीचा रुपया अशी अगदी एका वयाची आहेत.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात आज हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी कुणाला जुनी नाणी जमवायची ओढ असेल, तर १७५४ ते १८०६ या बावन्न वर्षांतला शाहजहानाबादचा रुपया हा विषय त्याच्या दाराशीच आहे. टांकसाळ एक, धातू मुख्यतः एक, काळ आखलेला, आणि प्रत्येक वळणावर मराठ्यांच्या इतिहासातली एखादी ठळक तारीख. सुरुवात करणारे बहुतेक जण दिसेल ते घेत सुटतात. दोन वर्षांनी डबा भरतो, पण त्या डब्यातून काही सांगता येत नाही. विषय आखून घेतलेल्याच्या पाच नाण्यांना मात्र अर्थ येतो.

रुपया वाचायचा कसा

अठराव्या शतकातला मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा, जाड आणि घसघशीत असतो. चांदी जवळजवळ शुद्ध. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा उमटतच नाही. कुणावर बादशहाचे नाव अर्धे येते, कुणावर टांकसाळीचे नाव कडेला कापले जाते. हा दोष नाही, त्या काळची पद्धतच तशी होती. म्हणून किंमत ठरते ती काय उमटले आहे यावर. ज्या रुपयावर हिजरी सन, राज्यवर्ष आणि टांकसाळ तिन्ही वाचता येतात, तो दुप्पट पैसे देऊनही घ्यावा.

एका बाजूला फारसी पद्यात बादशहाचे नाव असते आणि तिथेच बहुधा हिजरी सन येतो. दुसऱ्या बाजूला ‘जुलूस’ म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि ‘जर्ब दारुल-खिलाफत शाहजहानाबाद’ हा टांकसाळीचा उल्लेख. शहाआलमच्या दिल्लीच्या रुपयांवर छत्रीची खूण दिसते, ती ओळखीला फार उपयोगी पडते. फारसी येत नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. दहा अंक आणि चार-पाच शब्दांची वळणे डोळ्यांत बसली की काम भागते. पंधरवड्याचा सराव त्याला पुरतो.

हिजरी सनाचे इसवी सन काढण्याचा ठोकताळा सोपा आहे: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणायचे आणि त्यात ६२२ मिळवायचे. १२०३ ला गुणले की ११६७ च्या आसपास येतात, ६२२ मिळवले की १७८८ अखेर. पण खरी गंमत दोन आकडे एकत्र वाचण्यात आहे. हिजरी १२०३ सुरू झाले २ ऑक्टोबर १७८८ ला, आणि शहाआलमचे तिसावे राज्यवर्ष संपले जानेवारी १७८९ च्या अखेरीस. म्हणजे ज्या रुपयावर १२०३ आणि ३० हे दोन्ही आकडे स्वच्छ दिसतात, तो या चार महिन्यांतला. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची वस्तू चार महिन्यांच्या खिडकीत बसवता येते, आणि त्यासाठी लागते ती फक्त पेन्सिल.

एकच साल, तीन नावे

संग्रहाचा कणा ठरावा असे साल म्हणजे हिजरी ११७४. ते सुरू झाले १३ ऑगस्ट १७६० ला. त्याआधी काही दिवस सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्लीचा किल्ला घेतला होता. तख्तावर होता शहाजहान तिसरा. नोव्हेंबर १७५९ मध्ये आलमगीर दुसरा याचा खून करवून वजीर इमादुल्मुल्कने बसवलेला हा नामधारी बादशहा. पैशाची ओढाताण इतकी की भाऊंनी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. सुमारे नऊ लाखांचा आकडा इतिहासात येतो. १० ऑक्टोबरला भाऊंनी शहाजहान तिसऱ्याला दूर केले आणि शहाआलमच्या नावाची द्वाही फिरवली. शहाआलम स्वतः तेव्हा पूर्वेकडे, दिल्लीपासून शेकडो कोस दूर होता.

आता तारखा जुळवून पाहाव्यात. छताची चांदी वितळली तेव्हा बादशहा शहाजहान तिसरा होता. म्हणजे त्या चांदीच्या रुपयांवर नाव त्याचेच असणार. आणि शाहजहानाबादच्या त्याच्या एखाद्या रुपयावर ११७४ वाचता आला, तर तो १३ ऑगस्ट ते १० ऑक्टोबर या दोन महिन्यांतला, भाऊ दिल्लीत असतानाचा. त्यात छताचीच चांदी आहे असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तो ज्या टांकसाळीतून निघाला, तिच्यावर त्या दिवसांत मराठ्यांचा ताबा होता, हे निश्चित सांगता येते.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. महिनाअखेरीस अहमदशहा अब्दाली दिल्लीत शिरला आणि मार्चमध्ये निघून गेला. हिजरी साल अजून ११७४ च होते. शाहजहानाबाद टांकसाळीची अब्दालीच्या नावाची नाणी आहेत. १७५७ च्या स्वारीतलीही आहेत आणि पानिपतानंतरचीही. एका वर्षात, एका टांकसाळीत तीन बादशहांची नावे! पानिपतावर मराठीत कादंबऱ्यांपासून पोवाड्यांपर्यंत अमाप लिहिले गेले. त्या वर्षाचा हा धातूतला पुरावा मात्र फार थोड्या मराठी घरांनी हातात घेऊन पाहिला असेल. पानिपत जिल्हा आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो, हेही इथे लक्षात ठेवावे.

बेदारबख्तचे अडीच महिने

शहाआलम १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांच्या पाठबळावर दिल्लीला परतला. १७८४ मध्ये महादजी पेशव्यांच्या वतीने वकील-इ-मुतलक झाले. पण १७८८ च्या उन्हाळ्यात महादजींची पकड ढिली पडल्याचे पाहून गुलाम कादिर रोहिल्याने किल्ल्यात प्रवेश मिळवला. जुलैअखेर त्याने बेदारबख्त या राजपुत्राला तख्तावर बसवले आणि १० ऑगस्टला शहाआलमचे डोळे काढले. या बेदारबख्तच्या नावाची नाणी पडली. त्याची कारकीर्द ऑक्टोबरात संपली. पानिपतावर जखमी महादजींना वाचवणारा म्हणून ज्याचे नाव सांगितले जाते, त्या राणेखानाच्या हाताखालच्या मराठी फौजेने दिल्ली घेतली आणि शहाआलमला पुन्हा तख्तावर बसवले. पळालेला गुलाम कादिर डिसेंबरात मेरठच्या वेढ्यातून निसटताना पकडला गेला.

बेदारबख्तचा रुपया दुर्मीळ आणि महाग. तो परवडला नाही तरी संग्रह अडत नाही. त्याची जागा रिकामी ठेवावी, शेजारी १२०३ आणि ३० चा शहाआलमचा रुपया शोधून ठेवावा. मराठ्यांनी बादशाही पुन्हा उभी केली, त्या पहिल्या चार महिन्यांचे ते नाणे.

ज्याला संग्रह रुंदावायचा असेल, त्याला दिल्लीभोवतीच्या टांकसाळी आहेत. आग्र्याची अकबराबाद, इस्लामाबाद या नावाने ओळखली जाणारी मथुरा, सहारनपूर, आणखी खाली उज्जैन. मराठ्यांनी इथेही बादशहाच्याच नावाने नाणी पाडली. शिवछत्रपतींचा होन आणि शिवराई देवनागरीत, स्वतःच्या नावाने. पुढे शतकभराने उत्तरेत तलवार मराठ्यांची आणि नाणे मुघलाचे. या फरकामागचे राजकारण समजून घेण्यासाठी के. के. महेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा १९८९ चा ग्रंथ संग्राहकाने पहिल्या नाण्याआधी घ्यावा. तो नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढला. घटनांच्या तारखांसाठी जदुनाथ सरकारांचा मुघल साम्राज्याच्या अस्तावरचा ग्रंथ आणि पारसनिसांनी प्रसिद्ध केलेली ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ ही पत्रे हाताशी असावीत.

शेवटचे पान

११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. इंग्रजांनी टांकसाळ चालू ठेवली, बादशहाचे नावही ठेवले. पण त्यानंतरच्या काही रुपयांवर मजकुराभोवती गुलाब, थिसल आणि शॅमरॉक यांची वेल आली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांची ही चिन्हे. नाणे रुंद, घडीव आणि मजकूर पूर्ण. छत्रीचा जाड रुपया आणि हा वेलीचा रुपया शेजारी ठेवले की सत्ता कशी बदलली ते लहान मुलालाही दाखवता येते. शहाआलम १८०६ मध्ये वारला आणि या संग्रहाची हद्द तिथे संपते.

घेताना, जपताना

शहाआलमचे साधे, सन न उमटलेले रुपये चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन मिळतात. सुरुवात तिथूनच करावी. रस्त्यावरच्या ढिगाऱ्यातून ‘दुर्मीळ’ म्हणून मिळणारे नाणे बहुधा ओतीव नक्कल असते. कडेवर साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक खळगे, अक्षरांच्या कडा गुळगुळीत. दहापट भिंगाखाली हे लपत नाही. सराफांनी पारखताना मारलेले छोटे छाप मात्र अस्सलपणाला बाधा आणत नाहीत.

घरच्या घरी एक चाचणी अवश्य करावी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर नाणे तोलावे, समजा ११.४० भरले. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकता पाण्यात पूर्ण बुडवावे. आता काट्यावर १.०९ च्या आसपास दिसले पाहिजे. ११.४० भागिले १.०९ म्हणजे साधारण १०.४६. चांदीची घनता १०.५ च्या जवळ असते. उत्तर आठ-साडेआठ आले तर हातात पितळ आहे.

कायदाही माहीत हवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. ती परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा लिलावातून, छायाचित्रासह पावती घेऊनच खरेदी करावी. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. घेण्याआधी जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयातली नाणी पाहून डोळा तयार करावा.

जपणूक सोपी आहे. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम टाळावेत, त्यांतून नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. आम्लविरहित कागदाचे पाकीट आणि दिल्लीच्या पावसाळ्यासाठी सिलिका जेलची पुडी एवढे पुरते. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, वाचलेले आकडे, कुठून आणि केवढ्याला घेतले, ही नोंद वहीत लगेच करावी.

अमेरिकेच्या टांकसाळीने दरवर्षी किती नाणी पाडली याचे आकडे छापील मिळतात. शाहजहानाबादच्या रुपयाला ती सोय नाही. कोणत्या सालचे किती रुपये आज शिल्लक आहेत, हे संग्राहकांनी केलेल्या नोंदींतूनच कळणार आहे. म्हणून या लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातला जुना रुपया चिंच किंवा पितांबरीने घासू नका. चौरंगावर ठेवण्याआधी तो तोला, त्याचा तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, दिसतील ते आकडे वहीत उतरवा आणि त्यांची एक प्रत अंजनेरीच्या संस्थेकडे पाठवा.