चेंडू होऊन बसणारा अजगर

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला आखूड, जाडसर अजगर. पूर्ण वाढलेली मादी चार-पाच फुटांची, नर तिच्याहून लहान. त्याला विष नसते. धोका जाणवला की तो सहसा अंगावर येत नाही. डोके मधोमध लपवून स्वतःभोवती घट्ट वेटोळे घालतो आणि चेंडूसारखा गोल होऊन बसतो. नाव त्यावरूनच पडले. अमेरिका-युरोपात घरी पाळल्या जाणाऱ्या सापांत तो इतका लोकप्रिय झाला, तो या भिडस्त स्वभावामुळेच. ज्याला माणसे भितात तो त्यांच्याहून अधिक भित्रा आहे.

तरीही घरात साप आहे म्हटले की नातेवाईक उंबऱ्यावरूनच परततात. ही भीती उपजत असते, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. १९८०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांपुढे साप ठेवला, तेव्हा ती घाबरली नाहीत. रानात वाढलेली माकडे सापाला घाबरताना पाहिल्यावर मात्र तीही घाबरू लागली. फुलांची भीती अशी पाहून लागली नाही. म्हणजे सापाला भिण्याची तयारी अंगात असते, पण प्रत्यक्ष भीती दुसऱ्याला पाहून शिकली जाते. बेनिनमधील विदा शहरातली मुले वेगळेच शिकतात. तिथे अजगरांचे मंदिर आहे; घरात शिरलेल्या अजगराला कोणी मारत नाही, त्याला उचलून मंदिरात पोचवतात.

पाळणाऱ्याचे पहिले काम म्हणजे सापाला लपायला जागा देणे. काचपेटीची एक बाजू ३१-३२ अंश सेल्सियस आणि दुसरी २५-२६ अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे ऊब हवी की गारवा हे साप स्वतः ठरवतो. दोन्ही टोकांना त्याचे अंग जेमतेम मावेल असा अंधारा आडोसा लागतो. झाकण पक्के बसणारे हवे, कारण फट दिसली की साप निसटतो. हवा कोरडी पडली तर कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहते. डोळ्यावरची कात अडकली तर इजाही होते. खायला गोठवलेला उंदीर कोमट करून देतात. जिवंत उंदीर सापालाच चावू शकतो. मोठा साप कधी कधी, विशेषतः थंडीत, महिनोन्‌महिने खात नाही. वजन टिकून असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण नवख्याचा जीव इथेच टांगणीला लागतो.

पैदाशीसाठी मादी साधारण तीन वर्षांची आणि दीड किलोच्या घरातली हवी. हिवाळ्यात रात्रीचे तापमान थोडे उतरवून नराला तिच्याकडे सोडतात. अंडी घालण्यापूर्वी ती एकदा कात टाकते आणि त्यानंतर महिनाभरात साधारण सहा अंडी देते. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. बहुतेक पाळणारे मात्र अंडी उबवणयंत्रात ठेवतात. हलवताना अंडे उलटेपालटे होऊ द्यायचे नाही, नाहीतर आतले पिल्लू दगावू शकते. जवळजवळ दोन महिन्यांनी पिल्लू तोंडाच्या टोकावरच्या इवल्याशा दाताने कवच चिरते, पण लगेच बाहेर येत नाही. नुसते डोके काढून दिवसभर आतच बसून राहते. पहिली कात टाकल्यावर ते भक्ष्य घेऊ लागते.

रंगांच्या हौसेने या व्यवसायाचे रूपच बदलले. पांढऱ्या-पिवळ्या अल्बिनो रंगाचे जनुक लपून असलेले दोन साप जोडीला लावले, तर सरासरी चारात एकच पिल्लू तसे निघते. पण प्रत्येक रंग निर्दोष नसतो. ‘स्पायडर’ या रंगप्रकाराच्या सापांचे डोके थरथरते, तोल जातो. आतल्या कानाच्या रचनेतच खोट असते. असे साप मुद्दाम जन्माला घालणे क्रौर्यच आहे.

काही भीती रास्तही आहे. सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात; साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळणाऱ्यांकडून सुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या बर्मी अजगरांनी तिथले सस्तन प्राणी झपाट्याने घटवले.

भारतात नाग, धामण किंवा इथला अजगर घरी ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी सापांची चोरटी आयात होते ती वेगळीच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन सापडले. कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार बॉल पायथनसारखा परदेशी साप बाळगणाऱ्याने केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक आहे. पिल्ले झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही तिथे कळवावे लागते.