दमा : नुसता छातीचा पिळा नव्हे



आपल्या भागातील कितीतरी घरांतला एखादा माणूस पोटासाठी मुंबईला गेला. कोणी लालबाग-परळच्या गिरणीत, कोणी माझगावच्या गोदीत. माझगावला 1774 साली छोटी गोदी सुरू झाली व पुढे तेथे मोठी जहाजे बांधली जाऊ लागली. जहाजकामातला वेल्डिंगचा धूर आणि काही रंगांची वाफ यांनी दमा जडू शकतो, हे जगभर दिसून आले आहे. इकडे गावी चुलीचा धूर आणि चिपाडाची धूळ दमेकऱ्याला छळतेच. तेव्हा दमा म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

श्वासनलिकेभोवती स्नायूंचा वेढा असतो आणि आतल्या अस्तरात रोगाशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे राखणदार. दमेकऱ्याचे राखणदार साध्या धुळीलाही चोर समजतात. त्यांतल्या मास्ट पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. मग स्नायू आवळतो, अस्तर सुजते, चिकट बेडका साठतो. पाइपाला बाहेरून पिळा बसावा आणि आत गाळ धरावा, तशी गत होते.

2002 साली इंग्लंडमधील लिस्टरच्या डॉक्टरांनी दाखवले की दमेकऱ्यांत या मास्ट पेशी थेट स्नायूतच शिरून बसतात. ज्यांना सूज व खोकला आहे पण दमा नाही, त्यांच्या स्नायूत त्या फारशा नव्हत्या. पुढे असेही कळले, की स्नायू स्वतःच रसायने सोडून या पेशींना जवळ बोलावतो. एकाने बोलवायचे, दुसऱ्याने आवळायला लावायचे, असे हे चक्र आहे.

यातूनच औषधाचे गणित सुटते. लगेच आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप स्नायू सैल करतो, पण राखणदार खवळलेलेच राहतात. त्यांना शांत करतो तो स्टेरॉइडचा पंप. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस, आठवडे लागतात. बरे वाटले की आपली मंडळी नेमका तोच बंद करतात! "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. औषध थेट छातीत जाते म्हणून थोडक्यात भागते. 2019 पासून जागतिक तज्ज्ञ सांगतात, की नुसत्या आरामाच्या पंपावर दमेकऱ्याने राहू नये.

तरी कळकळीची विनंती :

1) डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नये.
2) स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी.
3) धुळीच्या कामात नाका-तोंडाला फडके बांधावे; मास्क मिळाल्यास उत्तम.
4) धाप लागून वाक्य पुरे होईना किंवा ओठ निळे पडले, तर तडक दवाखाना गाठावा.

मुंबईच्या भावकीलाही हे जरूर कळवावे.