रिपोर्ट नॉर्मल, जीव घाबराघुबरा

एस. एम. या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन बाईला भीती वाटत नाही. ती शूर आहे, असा याचा अर्थ नव्हे. उरबाख-वीथे नावाच्या अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डला, म्हणजे बदामाएवढ्या दोन गाठी, पार निकामी झाल्या आहेत. बाहेरचा धोका ओळखून शरीराला सावध करण्याचं काम या गाठी करतात. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला पाळीव प्राण्यांच्या दुकानात नेलं, तर तिनं साप हातात घेतला आणि त्याच्या लवलवत्या जिभेला बोट लावून पाहिलं. भुताटकीसाठी प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या सॅनेटोरियममध्ये नेलं, तर भुताचं सोंग घेतलेला नटच तिच्यामुळे दचकला. पूर्वी एकदा बागेत एकानं तिच्या गळ्याला सुरी लावली होती. दुसऱ्या दिवशी ती त्याच बागेतून चालत गेली.

मग संशोधकांनी तिच्या तोंडावर मास्क ठेवून तिला एक श्वास घ्यायला सांगितलं. त्या हवेत ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. नेहमीच्या हवेत तो ०.०४ टक्क्याच्या आसपास असतो. प्राणवायू मात्र भरपूर होता, म्हणजे जिवाला धोका काहीच नव्हता. काही सेकंदांतच ती मास्कच्या दिशेनं हात झाडू लागली आणि मदतीसाठी ओरडली. इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती, असं तिनं नंतर सांगितलं. हाच आजार असलेल्या दोघी जुळ्या बहिणींवरही हा प्रयोग झाला. त्याही तशाच घाबरल्या. ज्यांच्या अमिग्डला शाबूत होत्या अशा १२ जणांपैकी मात्र फक्त तिघांना पॅनिक अटॅक आला. २०१३ साली या प्रयोगांवरचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा भीतीचं केंद्र म्हणजे अमिग्डला, हे पाठ्यपुस्तकातलं सरळसोट वाक्य अडखळलं.

सापाची भीती बाहेरून येते, ही भीती आतून आली होती. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या बुंध्याकडची रासायनिक यंत्रणा ‘गुदमरतोय’ अशी वर्दी देते. विहिरीत बुडी मारून तळाची माती आणायची पैज ज्यांनी लहानपणी लावली आहे, त्यांना ही वर्दी नेमकी ठाऊक असते. छाती फुटेल असं वाटतं आणि माणूस पाय मारत वर येतो. त्या क्षणी रक्तातला प्राणवायू संपलेला नसतो. वर ढकलतो तो मुख्यतः साठलेला कार्बन डायऑक्साइड.

पॅनिक अटॅक म्हणजे विहिरीशिवाय आलेली ती वर्दी.

ती कुठेही येते. स्वयंपाक करताना, मीटिंगमध्ये, सिग्नलला थांबलेल्या रिक्षात, आणि अनेकांना तर गाढ झोपेत. झोपेतला झटका स्वप्न पडून येतो असं कुणालाही वाटेल. पण तो बहुधा स्वप्नांच्या झोपेत येत नाही, झोप हलकीकडून गाढ होत असताना येतो. माणूस उठून बसतो, छाती धडधडत असते, हातापायांना मुंग्या, घशात आवंढा, अंगभर घाम. आपण आता मरणार किंवा आपल्याला वेड लागणार, अशी खात्रीच होते. हे सगळं काही मिनिटांत टोकाला जातं आणि मग ओसरायला लागतं. तेवढ्या वेळात घरच्यांनी गाडी काढलेली असते.

कॅज्युअल्टीत ईसीजी निघतो, ट्रोपोनिनसाठी रक्त जातं, दोन-तीन तासांनी डॉक्टर सांगतात, “सगळं नॉर्मल आहे.” सोबत ॲसिडिटीची गोळी मिळते. परतताना गाडीत कुणीतरी म्हणतंच, “तू फार मनाला लावून घेतोस.” आठवड्याभरानं पुन्हा तोच प्रकार, पुन्हा दुसरा ईसीजी. फाइल जाड होत जाते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मॉन्ट्रियलच्या हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये छातीत दुखतं म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या ४४१ रुग्णांची संशोधकांनी मानसशास्त्रीय तपासणी केली. १९९६ साली छापलेल्या त्या अभ्यासात साधारण चौथा हिस्सा रुग्णांना पॅनिक डिसऑर्डर असल्याचं दिसलं. त्यांपैकी ९८ टक्के रुग्णांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांना ते ओळखता आलं नव्हतं. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. हृदय तपासणं हे त्यांचं काम, ते त्यांनी चोख केलं. पण ‘नॉर्मल’ हे अर्धंच उत्तर आहे. माणसाला काय झालेलं नाही, एवढंच ते सांगतं.

उरलेलं अर्धं उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षं गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांना धडधड, धाप आणि छातीतल्या कळा येत. जेकब दा कोस्टा या डॉक्टरनं त्यांना तपासलं आणि १८७१ साली या दुखण्याला ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. साधारण त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल मोकळे चौक ओलांडताना थरथर कापणाऱ्या पुरुषांची वर्णनं लिहीत होता. एकानं हृदय पाहिलं, दुसऱ्यानं चौक. दोघांसमोर बहुधा एकाच आजाराची दोन टोकं होती.

कोडं सुटायला लागलं ते एका नर्सच्या निरीक्षणानं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन हे मनोविकारतज्ज्ञ इमिप्रामीन नावाचं नवं औषध वापरून पाहत होते. त्यांचा एक रुग्ण दिवसातून कितीतरी वेळा ‘मी मरतोय’ म्हणत नर्सच्या टेबलाकडे धावत यायचा. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले. रुग्ण म्हणाला, काही फरक नाही. डॉक्टरांनाही दिसेना. नर्सला मात्र दिसला होता: तो आता धावत येत नव्हता. झटके थांबले होते, पण ‘पुन्हा येईल का’ ही धास्ती तशीच होती, म्हणून त्याला स्वतःला सुधारणा जाणवत नव्हती. झटका आणि झटक्याची वाट पाहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे क्लाइन यांना इथे उमगलं. पुढे १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र जागा मिळाली. १९९३ साली त्याच क्लाइन यांनी मांडलं, की काही जणांच्या शरीरातली गुदमरण्याची वर्दी फारच हळवी असते आणि उगाचच वाजते.

तरी एक प्रश्न राहतोच. जिने चढल्यावर, चहा जास्त झाल्यावर, परीक्षेच्या आधी धडधड सगळ्यांनाच होते. मग काहींचीच का उसळते? ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली याचं उत्तर दिलं आणि आजचे उपचार बरेचसे त्यावरच उभे आहेत. धडधड होते, मन तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतं, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हा मूळ अर्थाचाच पुरावा ठरतो.

हे नुसतं तर्कट नाही. १९८८ साली आन्के एलर्स आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकवले आणि मध्येच आवाज खोटा जलद केला. हृदय होतं तसंच चाललं होतं. निरोगी माणसांना फारसं काही झालं नाही, पण रुग्णांची भीती वाढली आणि पाठोपाठ त्यांचे खरे ठोकेही. त्याहून गमतीचा प्रयोग १९८९ चा. वीस रुग्णांना ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा दिली आणि समोर एक बटण ठेवलं. दिवा लागला तर बटण फिरवून वायू कमी करता येईल, असं सांगितलं. निम्म्यांचा दिवा लावला, निम्म्यांचा नाही. दिवा न लागलेल्यांपैकी ८० टक्क्यांना पॅनिक अटॅक आला, लागलेल्यांपैकी २० टक्क्यांना. बटण कशालाही जोडलेलं नव्हतं.

आता श्वासाकडे पुन्हा येऊ, कारण झटक्यातली बरीच भयंकर लक्षणं तिथे तयार होतात. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे एस. एम.च्या नेमकं उलट. वायू घटला की रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि मज्जातंतू उगाच चेकाळतात. ओठांना, बोटांना मुंग्या येतात त्या यामुळे. बोटं वाकडी होऊन ताठरतात तीही यामुळे. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. मग ‘चक्कर येऊन पडणार’ असं वाटतं आणि घरातलं कुणी तरी ‘बीपी लो झालं’ म्हणून मीठ-साखरेचं पाणी पुढे करतं. प्रत्यक्षात झटक्यात रक्तदाब सहसा वाढलेला असतो. बेशुद्ध पडायला तो उतरावा लागतो, म्हणून निव्वळ पॅनिकमुळे माणूस कोसळणं दुर्मीळच.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सिनेमातला उपाय विसरावा. दुखणं खरोखर हृदयाचं किंवा दम्याचं असेल, तर तो जिवावर बेतू शकतो. पहिल्यांदा छातीत दुखलं तर दवाखाना गाठावा, ईसीजी काढावा, यात तडजोड नाही. थायरॉइड, ॲनिमिया, ठोक्यांची अनियमितता हेही एकदा नीट तपासून घ्यावं. प्रश्न पाचव्या ईसीजीचा आहे.

मराठीनं भीतीला शरीरातच घर दिलं आहे: काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं, हातपाय गार पडतात. एवढं बारीक निरीक्षण करणाऱ्या भाषेत ‘हे भीतीमुळे होतंय’ हे ऐकणं मात्र अपमानासारखं वाटतं. ‘म्हणजे मी नाटक करतोय?’ असा प्रश्न रुग्णाच्या चेहऱ्यावर उमटतो. नाटक मुळीच नाही. घामात, मुंग्यांत, ठोक्यांत खोटं काही नसतं. चुकतो तो त्यांचा लावलेला अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षण-मालेनुसार आयुष्यात कधीतरी पॅनिक अटॅक येणारे सुमारे १३ टक्के असतात आणि त्याचा आजार होणारे दोन टक्क्यांहून कमी. मधल्या फरकात हा अर्थ लावण्याचा मोठा वाटा असतो.

झटका चालू असताना काय करायचं, हे क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं फार साध्या शब्दांत सांगितलं होतं. तरुणपणी त्यांना क्षय असल्याचं चुकीचं निदान झालं आणि धडधडीनं त्या खचल्या. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्रानं सांगितलं, की खंदकातल्या सैनिकांनाही असंच व्हायचं. वीक्स यांच्या १९६२ च्या पुस्तकाचं सार असं: सामोरं जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. झटक्याशी झोंबायचं नाही. पोहता न येणारा पाण्यात जितका धडपडतो तितका खाली जातो, तसंच हे आहे. श्वास सावकाश सोडला, उच्छ्वास थोडा लांबवला तर मुंग्या लवकर जातात, पण ‘हे केलंच पाहिजे नाहीतर मरेन’ अशा हट्टानं केलं तर तेही नवं बटणच ठरतं.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधं झटके कमी करतात. ती कमी मात्रेत सुरू करतात, कारण पहिले काही दिवस अस्वस्थता वाढू शकते. गुण यायला काही आठवडे लागतात. अल्प्राझोलाम अर्ध्या तासात उतारा देतं, म्हणूनच ते इतक्या पाकिटांत सापडतं. पण सवय लागते आणि एकदम थांबवलं तर त्रास होतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तर पॅनिक डिसऑर्डरसाठी अल्प्राझोलामच्या गटातली औषधं देऊ नयेत असंच सांगतात. आधीच घेत असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनानं तोडू नयेत, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्यावीत. कुणाकडे जायचं हेच ठाऊक नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. केंद्र सरकारनं तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला.

उपचारांतला सगळ्यात नवलाचा भाग मात्र गोळीत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला फिरत्या खुर्चीवर बसवून एक मिनिट गरगर फिरवतात. नाक दाबून शहाळ्याच्या नळीसारख्या बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात. जागच्या जागी धावायला सांगतात, मुद्दाम भराभर श्वास घ्यायला सांगतात. म्हणजे ज्या लक्षणांची दहशत तीच हातानं बनवायची, कागदावर दहापैकी किती भीती वाटली ते लिहायचं, आणि उतरू द्यायचं. पुन्हा करायचं. पहिल्या खेपेला आठ-नऊ लिहिणारा हात काही फेऱ्यांत तीनवर येतो.

मग खोलीबाहेर. मुंबईत या आजाराची माणसं स्लो लोकल पकडतात, कारण दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन येतं, वाटलं तर उतरता येतं. दाराजवळ उभं राहायचं, पिशवीत पाण्याची बाटली, खिशात गोळीची स्ट्रिप. उपचाराचा गृहपाठ इथून सुरू होतो: आधी स्लो गाडीत एक स्टेशन, मग चार, मग गर्दीची वेळ सोडून फास्ट. मधल्या सीटवर बसायचं. ठाण्याहून गाडी सुटते, धडधड चालू होते, वहीत सात. मुलुंड मागे पडतं, गाडी थांबत नाही. सहा. विक्रोळी. चार. बाटली आज घरीच ओट्यावर राहिली आहे.