इंग्रजीतील वेगवाचक क्रियापदे : समानार्थ आणि अर्थच्छटा

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या अनेक लहान कोशांत 'रन', 'रश', 'डॅश', 'हरी', 'बोल्ट', 'स्कॅम्पर' या क्रियापदांपुढे थोड्याफार फरकाने 'धावणे', 'पळणे', 'घाईने जाणे' हेच अर्थ दिलेले आढळतात. परीक्षेत समानार्थी शब्द लिहिण्यापुरते ते पुरतात. मात्र याच आधारावर वाक्यरचना केली की प्राचार्य सभागृहाकडे 'स्कॅम्पर' करीत निघतात. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि तरीही हास्यास्पद ठरते. 'स्कॅम्पर' हे क्रियापद खारी, कुत्र्याची पिल्ले आणि बागडणारी मुले यांच्यासाठी राखीव असल्यासारखे आहे, हे कोशातील एकशब्दी अर्थ सांगत नाही.

या क्रियापदांतील पहिला भेद वेग आणि घाई यांमधील आहे. 'रन' पायांच्या हालचालीविषयी बोलते, तर 'हरी' वेळेच्या ताणाविषयी. खुर्चीवर बसून अर्ज भरणारा लिपिकही 'हरी' करू शकतो. तो धावत मात्र नसतो. 'रश'मध्ये या ताणाला धांदलीची जोड मिळते, म्हणून 'रश' करून घेतलेला निर्णय हा बहुधा अविचाराने घेतलेला निर्णय असतो. शिवाय 'रश' सकर्मकही आहे: रुग्णाला रुग्णालयात 'रश' केले जाते, तेथे मराठी 'तातडीने हलविले' म्हणते. 'हेसन' आज औपचारिक लेखनातच अधिक आढळते आणि तेही पुष्कळदा एखादी घटना लवकर घडवून आणणे या अर्थाने.

दुसरा भेद गतीच्या स्वरूपाचा असून येथे शब्दांचा इतिहास मोलाचे साहाय्य करतो. 'डार्ट' म्हणजे मूळचा फेकून मारण्याचा लहान भाला; 'बोल्ट' म्हणजे आडव्या धनुष्यातून सुटणारा आखूड, जाड बाण. दोन्ही शस्त्रांची क्रियापदे झाली, पण त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 'डार्ट'मध्ये अचानकपणा आणि थोडे अंतर आहे. भिंतीवरची पाल, वळचणीची चिमणी आणि माणसाची नजरही 'डार्ट' करते. 'बोल्ट'मध्ये भेदरून वा ताबा सुटून पळणे आहे. बिथरलेला घोडा 'बोल्ट' करतो, मराठीत तो चौखूर उधळतो. (2009 मध्ये बर्लिन येथे 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत कापणाऱ्या धावपटूचे आडनाव 'बोल्ट' असले, तरी त्याने जे केले ते 'स्प्रिंट' होते. तो कोणाला भिऊन पळत नव्हता.) 'डॅश'चा जुना अर्थ जोराने आदळणे असा, लाटा खडकावर 'डॅश' करतात तेव्हा तो आजही जिवंत असतो. माणूस 'डॅश' करतो तेव्हा अंतर थोडे, हेतू निश्चित आणि आवेग मोठा असतो. मराठीतील 'मुसंडी मारणे' काही संदर्भांत त्याच्या जवळ जाते.

'स्करी' हा शब्द 'हरी-स्करी' या जोडशब्दातून सुटा झाला. मराठीतील 'धावपळ', 'लगबग' यांच्या घडणीची आठवण व्हावी अशी ही घडण आहे. उंदीर 'स्करी' करतात. एखाद्या पात्राला कादंबरीकार हे क्रियापद देतो, तेव्हा तो त्या पात्राची किंमतही कमी करीत असतो. अनुवादात 'घाईने निघून गेला' एवढेच उरले तर लेखकाचा अभिप्राय हरवतो.

पीटर मार्क रॉजे याने 1852 मध्ये आपला प्रसिद्ध कोश सिद्ध केला, तो कल्पनांनुसार शब्दांचे गट पाडून. भाषा अवगत असलेल्याला नेमका शब्द आठवावा, यासाठी अशी मांडणी उत्तम. भाषा शिकणाऱ्याला मात्र तीच यादी फसवते. कारण यादीत शब्द शेजारी असतात, वापरात नसतात.

अडचणीचे एक मूळ दोन भाषांच्या बांधणीतही आहे. लिओनार्ड टाल्मी याने 1985 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार इंग्रजीसारख्या भाषा गतीची रीत क्रियापदात आणि दिशा त्यासोबतच्या लहान शब्दात ठेवतात. 'ही डॅश्ड इन्टू द रूम' या वाक्यात आवेग क्रियापदात आहे आणि आत जाणे 'इन्टू'मध्ये. मराठीत 'तो धावत खोलीत शिरला' असे होते. येथे मुख्य क्रियापदाने दिशा घेतली आणि रीत 'धावत' या धातुसाधिताकडे गेली. यावरून मराठी दरिद्री आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तिने हे वैभव क्रियाविशेषणांत आणि वाक्प्रचारांत साठविले आहे. बाळ दुडुदुडु धावते, म्हातारी तुरुतुरु चालते, मोटार भरधाव जाते, घाबरलेली गर्दी सैरावैरा पळते, चोर पोबारा करतो. यांतील कर्ते अदलाबदल करून पाहिले तर 'प्राचार्य स्कॅम्पर झाले' या वाक्यातील दोष विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत तत्काळ जाणवतो.

म्हणून वर्गात 'समानार्थी शब्द लिहा' याऐवजी कोण, किती अंतर, कशासाठी आणि कोणाच्या नजरेतून, हे प्रश्न प्रत्येक क्रियापदाला विचारणे अधिक फलदायी ठरते. सर्वच ठिकाणी मराठी प्रतिशब्द हाती लागेल असे नाही. 'स्कटल' हे क्रियापद खेकड्याला शोभते. 'खेकडा तुरुतुरु पळाला' म्हटल्याने पावलांची गती साधते, परंतु जमिनीलगत दबून सटकण्याचा भाव निसटतो आणि त्यासाठी अनुवादकाला आणखी एक शब्द खर्चावा लागतो.