शिक्काच चोराच्या हाती लागला तर?

बँकेच्या किंवा वीजबिलाच्या संकेतस्थळावर एकदा पासवर्ड टाकला, की पुढच्या प्रत्येक पानावर तो पुन्हा विचारला जात नाही. ही सोय ‘कुकी’ नावाच्या चिमुकल्या नोंदीमुळे होते. नेटस्केप कंपनीतील अभियंता लू माँटुली याने ती १९९४ साली योजली. संकेतस्थळ ही नोंद वापरकर्त्याच्या ब्राउझरकडे ठेवायला देते आणि ब्राउझर दर खेपेस ती परत दाखवतो. अडचण अशी, की ज्याच्याकडे ठेव ठेवली तोच ती उघडून बदलू शकतो. नोंदीत नुसताच ‘सदस्य १२५’ असा मजकूर असेल, तर तेथे ‘१२६’ लिहून परक्याच्या खात्यात शिरणे हा पोरखेळ ठरेल.

यावरचा उपाय जुन्या दप्तरांत सापडतो. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तबाखाली कोणी ओळ वाढवली तर ती बनावट असल्याचे उघड होई. कुकीवरील मोर्तब गणिती असते. सर्व्हर आपल्याजवळील गुप्त चावी आणि कुकीतील मजकूर यांच्यापासून ‘एचमॅक’ पद्धतीने एक ठसा तयार करतो. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही, आणि चावीवाचून नवा ठसा काढता येत नाही.

मोर्तब केलेले पत्र वाचता मात्र कोणालाही येते. मजकूर झाकायचा असेल तर एन्क्रिप्शन करावे लागते. ही दोन वेगळी कामे आहेत, याचा विसर महागात पडतो. २०१० साली दोन संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या ‘एएसपी डॉट नेट’मधील कुकी चावी हाती नसतानाही उलगडून दाखवली, सर्व्हरच्या चूक-संदेशांतील बारीक फरकच त्यांना पुरेसा ठरला. आता ‘एईएस-जीसीएम’सारख्या पद्धती झाकणे आणि मोर्तब एकाच वेळी करतात.

गणित भक्कम असले तरी चावी माणसेच सांभाळतात, आणि घोळ बहुधा तेथेच होतो. प्रोग्रामर चावी प्रोग्रामच्या मजकुरातच लिहून ठेवतो आणि तो मजकूर सार्वजनिक भांडारात जातो. कोणी माहितीपर लेखातील नमुन्याची चावी जशीच्या तशी उचलतो, म्हणजे बाजारात सर्वांना मिळणारेच कुलूप तिजोरीला लावतो. अशा उघड्यावर पडलेल्या तीन हजारांहून अधिक चाव्या आढळल्याचे मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. याहूच्या प्रकरणात घुसखोरांनी कंपनीच्या अंतर्गत प्रोग्रामवरून बनावट कुकी घडवल्या आणि पासवर्डवाचून खाती उघडली. २०१७ साली कंपनीने दिलेला आकडा सुमारे ३ कोटी २० लाख खात्यांचा होता.

जुलै २०२५ मधील शेअरपॉइंटवरील हल्ला तर अधिकच बोलका. भगदाड बुजवणारी दुरुस्ती आली, पण चोरांनी सर्व्हरच्या चाव्या आधीच पळवल्या होत्या. ज्यांनी दुरुस्ती केली पण चाव्या बदलल्या नाहीत, त्यांचे दार उघडेच राहिले.

चावी बदलण्याचीही रीत आहे. एकदम बदलली तर सर्व वापरकर्ते क्षणात बाहेर फेकले जातात. म्हणून नव्या कुकींवर नव्या चावीने मोर्तब करायचे आणि जुनी चावी काही दिवस केवळ तपासणीपुरती ठेवायची. जँगो या प्रणालीत २०२२ पासून ही तरतूद आहे. पण चोरीचा संशय असेल तेव्हा ही सवलत चालत नाही. जुनी चावी तत्क्षणी बाद करावी लागते, मग भले हजारोंना पुन्हा पासवर्ड टाकावा लागो. चावी यंत्राने यदृच्छेने निवडलेली, निदान २५६ बिटांची असावी. गावाचे नाव आणि ‘१२३’ नव्हे. एकाच संकेतस्थळाचे अनेक सर्व्हर असतील तर सर्वांकडे तीच हवी, अन्यथा एकाने केलेले मोर्तब दुसरा खोटे ठरवतो. काही संकेतस्थळे ग्राहकाला विनाकारण वारंवार बाहेर काढतात, त्यामागे कधीकधी एवढेच कारण असते.